इंजिनाला पाजलेलं हिरवं औषध

माझ्या गाडीचं इंजिन कधी तापणारच नाही, असं मी अख्ख्या गंगावेशीत सांगून ठेवलं होतं! साल दोन हजार नऊ. रेडिएटरवाली मोटारसायकल आमच्या गल्लीत पहिल्यांदा मीच आणली. त्यात इंजिन गार ठेवायला रेडिएटरच्या पाण्यात घालायचं एक जालीम औषध मिळालं, पोपटी हिरवं. बाटलीवर लिहिलं होतं, थोडं पाण्यात मिसळा. म्हटलं, थोडं कशाला? रेडिएटरमधलं पाणी सगळं काढलं आणि नुसतं औषधच भरलं!

त्याच गाडीवर रुद्राप्पाकाकांना मागं बसवून मी आजऱ्याच्या पलीकडं मुलगी बघायला निघालो. विद्याश्री तिचं नाव. फोटो बघितल्यापासून तापलो होतो तो मीच!

आजरा सोडलं आणि धुकं उतरलं. भर दुपारी रस्ता दुधात बुडाल्यासारखा. काजूची झाडं माना वाकवून उभी. एक पाखरू ओरडंल तर शपथ! चढ लागला आणि एकाएकी गोडसर वास आला, शिळ्या हारांचा यावा तसा.

"तम्मा," काका माझ्या कानाशी कुजबुजले, "कोनतरी फुसफुसतंय की रं!"

"वारं असंल."

"पान हलंना झालंय. वारं कुठलं?"

गाडी बंद केली. फुसफुस थांबेना! उलट बुडबुड सुरू झाली, कुणी पाण्यात तोंड घालून हसावं तशी. मागं बघितलं, तर रस्त्यावर हिरवे ठिपके आमच्या मागोमाग चालत आलेले!

मी इंजिनापाशी वाकलो आणि फट्ट! पाइप सुटला. हिरवा फवारा थेट अंगावर! रेनकोट होता म्हणून भाजलो नाही, पण टोपीपासून बुटापर्यंत पोपट. भोवती वाफेचा पांढरा खांब!

तेवढ्यात धुक्यातून एक छत्री आली. मी दोन्ही हात पसरून धावलो.

"मामा, पाणी! पाणी द्या की!"

"शिवशिवशिव!" छत्री एकीकडं उडाली, आणि छत्रीवाला गळ्यातलं लिंग मुठीत धरून धुक्यात गडप!

गाडी तिथंच सोडून आम्ही चालत मुलीच्या घरी पोहोचलो. सोप्यात मुलीचे वडील प्रभुलिंगअण्णा घोंगडं पांघरून लटलट कापत होते. पाहुण्यांना घ्यायला वळणापर्यंत गेले होते म्हणे! विद्याश्री त्यांचे तळवे चोळत होती.

मी मान खाली घालून सगळं सांगितलं. विद्याश्रीला हसू आवरेना.

"म्हंजे भूत तुम्ही व्हय?"

काकाही हसले. मला वाटलं, सोयरीक जुळली! फक्त अण्णा हसले नाहीत. ते आम्हा दोघांकडं निरखून बघत होते.

"हिरवं भूत तुम्ही, कळालं. लांब हुबं ऱ्हायलेलं म्हातारं म्हंजे हे पावणं, त्येबी कळालं. पन गाडीवर बसलेली ती वल्या केसांची बाई कोन?"

काकांनी माझा हात धरला. त्यांचा हात बर्फासारखा गार होता.

लग्न झालं. गाडी मी परस्पर आजऱ्यातच विकायला लावली, बघायलासुद्धा गेलो नाही. हल्ली सायकल वापरतो, तीही मागचं कॅरियर काढून. विद्याश्री विचारते, "मग मी बसू कुठं?"

मी म्हणतो, "चालत जाऊ की! तब्येतीला चांगलं असतं!"