कार्डधारकाचं परखड मत

मताला मालक लागतो. मोकाट जनावरांसाठी कोंडवाडा असतो. मोकाट मत कुठे कोंडायचं, याची सोय अजून कोणत्याही नगरपालिकेने केलेली नाही. आर्वीतल्या एका सार्वजनिक वाचनालयाने मात्र (नाव देत नाही, कार्यकारिणीची परवानगी घेतलेली नाही) ती नियम क्रमांक चौदामध्ये करून ठेवली आहे. घरटी एक कार्ड, ते कुटुंबप्रमुखाच्या नावे, आणि अभिप्राय वहीत लिहिण्याचा अधिकार फक्त कार्डधारकाला.

नियम चांगला आहे. त्यामुळे एका घरातून दोन मतं येत नाहीत.

वासुदेवरावांच्या घरातून तर आजवर एकही आलं नव्हतं. कार्ड अठ्ठ्याऐंशी सालापासून त्यांच्या नावे आहे आणि ते पेपरातला सोयाबीनच्या भावाचा रकाना सोडून दुसरं काही वाचत नाहीत. कार्डावर पुस्तकं नेते त्यांची सून ज्योत्स्ना. ती एसटीत कंडक्टर आहे. (तिचा नवरा धीरज याच्याही नावे कार्ड नाही, पण त्याला मतही नसल्याने अडचण येत नाही.)

यंदा वाचनालयात एक ऐतिहासिक कादंबरी आली. मुखपृष्ठावर घोडा, तलवार, उडणारा पदर आणि खाली ‘एका स्वतंत्र स्त्रीची गाथा’. ज्योत्स्नाने नंबर लावून दोन महिने वाट पाहिली. बारा वर्षं ती पन्नास-साठ माणसांच्या गाडीत एकटी उभी राहते आणि तिने डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलत नाही. या पुस्तकात कुणीतरी ओळखीचं भेटेल, असं तिला वाटलं होतं.

रोहण्याला गाडी वीस मिनिटं थांबते. त्या वीस-वीस मिनिटांत तिने चारशे शहाऐंशी पानं वाचली. चाळिसाव्या पानापासून तिला संशय येऊ लागला, तेव्हा ती सवयीने वहीत रेघा मारू लागली. पुस्तक संपलं तेव्हा हिशेब असा निघाला:

नायिकेने परवानगी मागितली, एकसष्ट वेळा. मिळाली, अठ्ठावन्न वेळा. (उरलेल्या तीन वेळा मागून होण्याआधीच तिला स्वतःची चूक कळली.) घोड्यावर बसली नऊ वेळा; पैकी सात वेळा लगाम भावाच्या हातात. खोलीत एकटी असण्याचे प्रसंग चार, त्यातले तीन आरशासमोर. स्वतः घेतलेला निर्णय एक: लढाईला कोणत्या रंगाचा शालू नेसायचा. घोड्याने मात्र पान तीनशे बारावर स्वतःहून दिशा बदलली आहे.

हे सगळं तिने वाचनालयात जाऊन अभिप्राय वहीत लिहिलं आणि खाली सही करणार, तोच ग्रंथपाल पुंडलिकरावांनी पानावर हात ठेवला. पुंडलिकराव नियमाचे पक्के. स्वतःच्या घरी चहा पितानाही ते वेळ पाळतात.

“सही नाई करता येत तुमाले, बाई. कार्ड वासुदेवरावचं हाय.”

“पुस्तक तं मी वाचलं. मामाजीनं पयलं पानबी नाई उघडलं.”

“वाचाले कोणाची मनाई नाई. मत मांडाले हाय.”

“मंग माह्या नावानं कार्ड करून द्या.”

नियमाला अपवादाचाही फॉर्म होता; पुंडलिकरावांनी तो आनंदाने काढला. त्यात एकच रकाना भरायचा होता: कुटुंबप्रमुखाची परवानगी.

ज्योत्स्नाने फॉर्म पाहिला. “म्हंजे बासष्टावी,” ती म्हणाली, आणि फॉर्म तिथेच ठेवून ड्युटीवर गेली.

पान बेवारस राहिलं. पुंडलिकरावांना त्या रात्री झोप लागली नाही, असं ते स्वतः सांगतात. दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन वासुदेवरावांकडे गेले. वासुदेवरावांनी चष्मा शोधला, तो सापडला नाही, म्हणून सही केली.

वार्षिक समारंभात ‘चोखंदळ वाचक’ हा मान एकमताने वासुदेवरावांना मिळाला. स्त्रीस्वातंत्र्याची इतकी बारीक जाण पुरुषात क्वचित आढळते, असं अध्यक्ष म्हणाले. शाल घालून झाल्यावर त्यांनी सत्कारमूर्तींना विचारलं, कादंबरीत नेमकं काय खटकलं?

वासुदेवरावांनी माइक धरला. तिसऱ्या रांगेत ज्योत्स्ना खाकी ड्रेसमध्येच बसली होती. रोहण्याची गाडी सुटायला अर्धा तास होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने त्यांना बरंच पाहू दिलं. मग उठली.

“मामाजी, मी सांगू का?”

“सांग, सांग,” वासुदेवराव माइकवर म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडल्याचं शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं.

“मागितली बासष्ट वेळा,” ज्योत्स्ना म्हणाली. “मिळाली एकोणसाठ.” आणि बॅग खांद्याला लावून स्टँडकडे निघाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. अहवालात नोंद आहे: ‘मा. वासुदेवराव यांनी भर सभेत सुनेस बोलण्याची परवानगी देऊन नवा पायंडा पाडला.’ कादंबरीच्या चार जादा प्रती मागवल्या आहेत. गाडी वेळेवर सुटली.

आपल्या घरातलं वाचनालयाचं कार्ड कुणाच्या नावावर आहे, ते वाचकांनी एकदा पाहून घ्यायला हरकत नाही. (पुरुष वाचकांनी ते कुठे ठेवलंय, हे घरात विचारावं. विचारायला परवानगी लागत नाही.)