फोनातला झरा

फुस्स!

शनिवारी पहाटेच्या शांततेत मोरीतल्या नळानं एवढाच आवाज काढला आणि पुन्हा गप्प बसला. पाणी नाही, नुसती हवा. पूर्वीची मी असते तर एवढ्यावर अंथरुणातून थेट बादलीत पडले असते! पाण्याचा दिवस जवळ आला की माझ्या छातीत पिठाची गिरणी सुरू व्हायची. पण आता नाही. लेक सृष्टी झोपलीय तोवर अभिमानानं लिहून घेते: सोलापुरात राहून पाण्याचं टेन्शन न घेणारी बाई बघायची असेल, तर आमच्या गल्लीत या!

ही सगळी सृष्टीच्या बालवाडीतल्या मॅडमांची कृपा. त्यांनी आम्हा आयांना ताण घालवायला शिकवलं. डोळे मिटायचे, फोनवर झऱ्याचा आवाज लावायचा, खोल श्वास घ्यायचा. "जे येईल ते येऊ द्या. जे जाईल ते जाऊ द्या!"

माझा मुख्य ताण म्हणजे सासूबाई. मागच्या खेपेला त्या मैंदर्गीहून आल्या तेव्हा आमचा ड्रम कोरडा ठणठणीत होता. "सुनंला पानी भराय येत न्हाय," ही बातमी त्यांच्याआधी मैंदर्गीत पोचली. आता रविवारी सकाळी त्या पुन्हा यायच्या होत्या आणि रविवारीच पाण्याची पाळी. या वेळी ड्रम काठोकाठ भरून दाखवायचाच! मनाची तयारी म्हणून मी शनिवारी पहाटेच बैठक मारली. इअरफोनचं सृष्टीनं बाहुलीसाठी मंगळसूत्र केलेलं, म्हणून आवाज मोठा केला.

खळखळ, खळखळ!

"यव्वा! पानी आलं की गं!" समोरच्या नागव्वा मावशी ओरडल्या.

झालं! गल्लीभर बादल्यांचा बँड सुरू झाला. शेजारच्या माजिदाभाभींची मोटर पाण्याविनाच बुलेटसारखी धडधडली. त्यांचे मिस्टर आवेजभाई तर पाणी आलंच म्हणून उरलेली बादली अंगावर ओतून साबण लावून बसले. आणि नळाला? थेंब नाही!

सगळी वरात माझ्या दारात.

"तुझ्या घरात खळखळ वाजतंय आनि आमचा नळ कोरडा? कुटं जोडलाय गं पाइप?" नागव्वा मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या.

"पानी आया करके मोटर लगाई मैं! जली तो कौन देता?" माजिदाभाभी.

मी फोन पुढे केला. फोन वाहत होता. मागून आवेजभाई डोळ्यांतला साबण पुसत तो ऐकत होते.

"पानी ऐकून काय करायचं, बाई?" नागव्वा मावशी शेवटी म्हणाल्या. "भरायचं असतंय ते!"

मी रागावले नाही. जे येईल ते येऊ द्या!

रविवारी पाणी यायला अजून वेळ होता. नळ उघडा, पाइप ड्रममध्ये. मी पुन्हा बैठक मारली, आज आवाज अगदी बारीक ठेवून. आणि काय सांगू! झरा असा लागला, की खळखळ चारी बाजूंनी यायला लागली. थोड्या वेळानं तर पायांना गारवासुद्धा जाणवला. माझी प्रगती! डोळ्यांत पाणी आलं.

डोळे उघडले तर ते चटईवरही आलं होतं.

पाइप ड्रमच्या बाहेर, घरभर ओहोळ आणि नळ शेवटचा श्वास सोडत होता. फुस्स!

"भाभी! पाणी येऊन गेलं?" मी बाहेर धावले.

माजिदाभाभी अंथरुणातूनच उठून आल्या होत्या. "आवाज सुनी मैं. तेरा फोन समझके सो गई!"

"मी बी कूस बदलली की गं!" नागव्वा मावशींनी कपाळावर हात मारला.

गल्लीत एकाही घरात कळशी भरली नव्हती. आणि नेमकी तेव्हाच दारात रिक्षा थांबली. पिशवी सावरत सासूबाई उतरल्या.

"घसा लई वाळलाय. तांब्याभर पानी आन."

मी ड्रमकडे बघितलं. तळ माझ्याकडे बघत होता. मैंदर्गीला आता काय बातमी जाणार, हे मला श्वासाश्वासाला ऐकू यायला लागलं.

"आज्जी, माझ्याकडे आहे!"

ओल्या फ्रॉकनं सृष्टी कोपऱ्यातून पुढे आली. भिंतीलगत रांग होती: भातुकलीची कळशी, घागर, कढई, खाऊचा डबा, पाण्याची बाटली, आणि पावसाळी बूटसुद्धा! सगळं काठोकाठ.

"ड्रमला माझा हात पुरत नाही," ती म्हणाली. "म्हणून मी पाइप खाली घेतला. आई झोपली होती, म्हणून हळूच."

"झोपले नव्हते गं, ती बैठक..." माझं कोण ऐकतंय!

सासूबाईंनी ती बोटभर घागर तोंडाला लावली. मग कळशी. मग कढई. आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बगा गं! अख्ख्या गल्लीत पानी भरलं ते माज्या नातीनं! ही बातमी गावात सांगते का न्हाय बगा!"

सृष्टीचे ओले केस पुसताना माझी छाती अशी फुगली, की तसा श्वास मॅडमांनाही जमला नसता. बुटांतलं पाणी झाडांना घातलं, आवेजभाईंनी सगळ्यांसाठी टँकरला फोन लावला. मी डोकं जरासुद्धा गरम केलं नाही. मनात म्हटलं, बघा, युक्ती लागू पडली!

"आई, एक विचारू?" सृष्टीनं माझा फोन उचलून कानाला लावला.

"विचार की!" मी ऐटीत म्हटलं. सासूबाई, भाभी, मावशी, सगळ्या बघत होत्या.

"फोनात रोज पाणी येतं. मग आपल्या नळाला का नाही येत?"