दगडूभाऊंचा नवा विभाग

वारूळवाडीच्या आमच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये दगडूभाऊ पगारी सुपरवायझर आहेत, हे दगडूभाऊ सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. "कंपनी आपलीच समजायची, राव," म्हणत ते दर हंगामाला कंपनीच्या पोटात एक नवी कंपनी काढतात. गोदामाच्या कोपऱ्यात त्यांनी खडूने रेघ मारली आहे. रेघेच्या आत त्यांचा 'नवा विभाग'. तिथे शिरताना मालकसुद्धा चपला काढतात.

या विभागाने आधी द्राक्षाचं लोणचं काढलं. ते फसफसलं आणि बरणीचं झाकण वरच्या पत्र्याला जाऊन लागलं. मग छाटणीच्या काड्यांच्या टोपल्या झाल्या. त्या शेजारच्या शेळीने खाल्ल्या.

"माल खपला न्हवं?" एवढंच दगडूभाऊ म्हणाले.

त्यांचे अर्ज मंजुरीसाठी माझ्याकडे येतात. 'अपेक्षित फायदा' हा रकाना कायम कोरा. एक ओळ मात्र ठरलेली: 'मढच्या अकरा बाया लागतील.' या बाया हंगामापुरत्या आमच्याकडे राहून द्राक्षं निवडतात आणि द्राक्षं संपली की मढला, आपल्या डोंगरातल्या गावी परततात. अर्ज नेमका तेव्हाच येतो.

यंदा त्यांनी गळलेल्या मण्यांचे बेदाणे केले आणि ते चक्क विकले गेले. मालकांनी पेढे वाटले, भाषण केलं आणि खूश होऊन बेदाण्याचं मशीन आणलं. त्याला दोन माणसं पुरतात. त्याच आठवड्यात अकराही बाया जीपमध्ये बसून गावी गेल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दगडूभाऊ रेघेच्या आत नुसतेच बसले होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, या माणसाचा डबा मी कधी पाहिलाच नव्हता. सहा वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. तेव्हापासून त्या बायाच आपल्यातली चतकोर चतकोर भाकरी त्यांच्यापुढे ठेवत होत्या. मी माझी भाकरी पुढे केली.

"बरी हाय," ते म्हणाले. "पण त्यांच्यातल्या हौसाबाईची नाचणीची असायची. अन् जेवताना लई भांडायच्या, राव. आता कोण बोलतंच नाय."

हात धुऊन त्यांनी खिशातून नवा अर्ज काढला. द्राक्षाचं लोणचं. पुन्हा.

"ह्याला मशीन चालत नाय, भाऊ. हातच लागत्यात."

त्या लोणच्याची चव मी विसरलो नव्हतो. तरी 'अपेक्षित फायदा' या रकान्यात मी स्वतःच्या हाताने 'भरपूर' असं लिहिलं आणि सही केली.