आठ चौकोनांची पंगत

"या चौघांना काहीच नाही?" चंद्रभागाबाईंनी गॅलरीतून दुसऱ्यांदा विचारलं.

"काहीच नाही, आजी."

"पावसाळाभर?"

"पावसाळाभर. तोच तर प्रयोग आहे." त्यांची नात शर्मिला खाली खुंटीला सुतळी गुंडाळत म्हणाली. "चार चौकोनांना खत, चारांना नाही. कुठलं गवत कसं वाढतं, कोणती झाडं टिकतात, ते दिवाळीआधी बघायचं. एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे माझा, आणि हा एकच पावसाळा मिळालाय. पुढच्या वर्षी इथं लॉन होणार."

ते खरंच होतं. कर्वेनगरातल्या त्या सोसायटीच्या मागे, टेकडीला लागून, गवताचा एक तुकडा उरला होता. सेक्रेटरी यज्ञेश्वरराव त्याच्याकडे न विंचरलेल्या डोक्याकडे पाहावं तसे पाहत. परवानगी देताना ते एवढंच म्हणाले होते, "मोजा काय मोजायचं ते. गवत मोजायला विद्यापीठ लागतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं."

शर्मिला कॉलेजला गेली, तरी आजी गॅलरीतच उभ्या. एका ओळीत आठ चौकोन, आणि त्यातल्या चौघांना काहीच नाही!

चंद्रभागाबाईंनी आयुष्यभर खानावळ चालवली होती. कर्वेनगर अर्धं माळरान होतं तेव्हापासून कॉलेजची मुलं त्यांच्याकडे जेवायला येत. त्यातली काही पुढे साहेब झाली, काही तीनतीनदा नापास झाली. आमटी मात्र सगळ्यांना त्याच ओगराळ्याने, तेवढीच. हा नियम त्या कुठल्या पुस्तकात शिकल्या नव्हत्या. लहानपणी गावातल्या लग्नात त्यांना आणि त्यांच्या आईला मोठी पंगत उठल्यावर, अंगणाबाहेर बसवून वाढत. पुढे त्यांच्या घराने बुद्धाचा मार्ग धरला, गाव सुटलं, पण ते अंगणाबाहेरचं पान चंद्रभागाबाईंच्या मनातून कधी उठलं नाही.

दोन आठवड्यांत खतवाले चौकोन हिरवेगार झाले. शेजारचे चार आपले पिवळट, खुरटे.

"कसे टकमका बघतायत!" चंद्रभागाबाई स्वतःशीच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शर्मिलाची स्कूटी फाटकाबाहेर पडली आणि आजी मागच्या दाराने निघाल्या. हातात बादली. बादलीत संपत गवळ्याकडून आणलेलं शेण, तांदूळ-मटकी धुतलेल्या पाण्यात कालवलेलं. खानावळीतल्या जुन्या ओगराळ्याने त्यांनी चारही चौकोनांना वाढलं आणि सवयीने म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या."

मग रोजचाच परिपाठ झाला. एका रविवारी शर्मिला पट्टी घेऊन बसली ती उठेचना.

"आजी, बिनखताचं गवत खतवाल्याच्या पुढे गेलंय गं!"

"गुणी असेल बिचारं."

"गुणी काय! मला दुकानदारानं भेसळीचं खत दिलंय."

आजींना चुटपुट लागली. दुकानदारासाठी नव्हे, आता खतवाले चार मागे पडले होते ना! सोमवारपासून ओगराळं त्यांच्याकडे वळलं. ते पुढे गेले की पहिले मागे दिसत. पहिल्यांना वाढावं, तर दुसरे रुसल्यासारखे वाटत. भाद्रपदापर्यंत आठही चौकोनांत कमरेएवढं कुसळी गवत माजलं, आणि शर्मिला तीन दुकानं फिरून तेच खत तिसऱ्यांदा पारखून आली.

त्यातच एक दिवस ओगराळं हरवलं. चंद्रभागाबाईंनी स्वयंपाकघर पालथं घातलं. ते कुठे पडलं असेल हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण त्या रानात हात घालायचा धीर होईना.

दुसऱ्या सकाळी यज्ञेश्वरराव गॅलरीतून ओरडले, "साप! गवतात काहीतरी चकाकलं!"

कसबा पेठेतून अरफात नावाचा सर्पमित्र आला. सगळ्या गॅलऱ्या भरल्या. अरफातने हुकाने गवत बाजूला केलं, वाकला, आणि हळूच काहीतरी उचललं.

"साप नाही काका. ओगराळं आहे." त्याने दांडा पुसून त्यावर कोरलेलं नाव मोठ्याने वाचलं, "चंद्रभागा खानावळ."

"वा!" यज्ञेश्वरराव म्हणाले. "पंगत बसवली होती वाटतं. आम्हाला आमंत्रण नव्हतं."

शर्मिलाने आजीकडे पाहिलं. मग गवताच्या काडीवर चढलेल्या वेलाकडे पाहिलं. मटकीचा वेल होता.

"आजी?"

"अगं, चौघं उपाशी होते गं."

"आणि खतवाले?"

"नंतर त्यांनाही. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही."

शर्मिला तिथेच दगडावर बसली. "सगळेच जेवले म्हटल्यावर मी तुलना कशाशी करू? माझा प्रोजेक्टच उपाशी राहिला की."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. चंद्रभागाबाईंना त्या दुपारी घास गेला नाही.

निदान मटकी तरी उपटावी म्हणून त्या खाली उतरल्या. कुसळं टोचली तशा सुतळी ओलांडून कुंपणाच्या अंगाला गेल्या. तिथे कुणी खत घातलं नव्हतं, ओगराळंही पोचलं नव्हतं. गवत जेमतेम घोट्याएवढं. आणि त्यात, टिकलीएवढं निळं काहीतरी.

आजी तिथेच उकिडव्या बसल्या. विष्णुक्रांता! आईबरोबर गवत कापायला जायच्या तेव्हा केसांत खोवायच्या, तीच. शेजारी केना होता, नीलवंती होती, आणखी कितीतरी बारीकसारीक मंडळी होती. त्या बोटांवर मोजू लागल्या. बोटं संपली, पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली.

"शर्मिले! अगं इकडे ये!"

शर्मिला आली, गुडघ्यांवर बसली, आणि तिचा चेहरा पालटला. "हे सगळं चौकोनांतही होतं जूनमध्ये. पोषण वाढलं की उंच गवत आधी उठतं आणि सगळं ऊन अडवतं. या बारक्यांचं थोडक्यात भागतं, पण त्यांना ऊन लागतं."

"म्हणजे पैलवानाशेजारी लेकरू बसवायचं आणि दोघांपुढे परात ठेवायची. परात पैलवानाचीच."

"अगदी तसंच."

"म्हणजे मी वाढलं म्हणून हे गेले?"

"चौकोनांतले, हो."

चंद्रभागाबाईंनी त्या निळ्या टिकलीला अलगद बोट लावलं. "काय पण माणसं आहेत ही," त्या हळूच म्हणाल्या. "मूठभर मातीवर एवढा संसार मांडलाय."

शर्मिलाने प्रोजेक्टच्या सरांना फोन लावला. सर आधी पुष्कळ हसले. मग म्हणाले, झालं ते जसंच्या तसं लिही, कुंपणाकडे नवे चार चौकोन आख आणि जेवलेले आणि न जेवलेले चौकोन शेजारी ठेवून बघ. ठरवलेला प्रयोग नाही, पण सांगण्यासारखं आहे.

ही बातमी सोसायटीभर झाली. माणसं फुलं बघायला येऊ लागली. "लॉनचं पुढच्या वर्षी बघू," यज्ञेश्वरराव कुणी न विचारताच म्हणाले.

पुढच्या रविवारी सकाळी ते स्वतः बादली घेऊन कुंपणाशी आले. "अहो चंद्रभागाबाई, फुलं छान आहेत हो. म्हटलं, थोडं खत घालावं. आणखी येतील."

"खबरदार!" सुतळीपलीकडून चंद्रभागाबाईंचं ओगराळं वर उठलं. "ती मंडळी तृप्त आहेत. उगाच आग्रह करायचा नाही."

यज्ञेश्वरराव थबकले. "मग या बादलीचं काय करू?"

"तुमच्या गॅलरीतल्या कुंड्यांना घाला," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "केव्हाच्या टकमका बघतायत."