मनोहरकाकांचे उरलेले दोन ठोकळे

मनोहरकाका हातात आलेला डाव सोडून देतात.

दारव्ह्यात बसस्टँडजवळ त्यांचं टायपिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की ते कॉम्प्युटरवर ठोकळ्यांचा खेळ खेळतात. चिनी चित्रांचे ठोकळे एकमेकांवर रचलेले असतात. सारखे दोन शोधायचे, उचलायचे, ढीग संपवायचा. काका सगळा ढीग उपसतात. शेवटी दोनच ठोकळे राहतात, शेंबड्या पोरालाही दिसतील असे सारखे. तेव्हा काका उठतात आणि चहा प्यायला जातात.

"काका, दोनच तं राह्यले!" बघणारा म्हणतो.

"राहू दे. तुह्या बापाचं काय जाते?"

खेळाचा एक नियम आहे. नुसती जोडी जमून भागत नाही. ठोकळ्याची डावी नाहीतर उजवी बाजू मोकळी लागते. काकांनी हा नियम साऱ्या जगाला लावला. यवतमाळच्या जीपमध्ये ते मधे बसत नाहीत. "बाजू मोकळी पायजे," म्हणत कडेला लटकतात. शेजाऱ्यांनी पोरीसाठी आलेलं स्थळ दाखवलं, तर म्हणाले, "जोडी जमते. पण पोराच्या डाव्या बाजूले माय, उजव्या बाजूले बहीण. उचलान कसं त्याले?" स्थळ मोडलं. आठवडी बाजारात वांगी ढिगाच्या कडेनंच काढतात. बाई ओरडते, "बुढ्या, ढीग पाडतं का माहा?"

त्यांच्यासमोर एकच गोष्ट बोलायची नाही, की हा खेळ हजारो वर्षांपूर्वीचा आहे. फोनवरच्या जाहिरातीत तसंच येतं. राजवाडा, ड्रॅगन, पुरातन ज्ञान. एका गिऱ्हाइकानं ती जाहिरात कौतुकानं दाखवली, तर काकांनी त्याचा अर्ज अर्ध्यावर सोडला.

"चौघायचा खेळ जुना हाये, चीनचा. हा एकट्यानं खेळायचा खेळ अमेरिकेतल्या एका पोरानं बनवला. चाळीसेक वर्सं झाली. कसरत करता करता पडला थो. मानेखालचं सारं गेलं. तोंडात काडी धरून एक एक बटन दाबलं त्यानं, तवा हा खेळ झाला. मंग कंपनीनं विकला, मंग त्याच्या नकला निंघाल्या. आता त्याचं नाव कोणी घेत नाही, राजाचं घेते. राजा कायले बसन रे एकटा खेळत?"

मी पत्रकांवर वाढलेला माणूस. घाम एकाचा आणि नाव दुसऱ्याचं, हे मी कितीतरी पत्रकांत लिहिलं आहे. एका खेळासाठी एवढा संताप करणारा माणूस मात्र मी दुसरा पाहिला नाही.

काकांचा धाकटा भाऊ सिद्धार्थ आमच्या संघटनेत होता. पत्रकं वाटायची, भिंती रंगवायच्या, शिडीवर चढायचं, ही सगळी कामं त्याची. चौकात अध्यक्षांच्या स्वागताचं बॅनर बांधताना तो शिडीवरून पडला आणि त्याचं मानेखालचं शरीर गेलं. संघटनेनं व्हीलचेअर दिली, फोटो काढले. ज्याला अंगच सावरता येत नाही त्याला त्या खुर्चीत बसवायचं कसं, हे कोणी विचारलं नाही. आज त्या खुर्चीवर काका कोऱ्या कागदांचे गठ्ठे ठेवतात. सिद्धार्थ दुकानामागच्या खोलीत पडून असायचा. गेल्या उन्हाळ्यात तो गेला.

परवा मी अध्यक्षांसोबत दुकानात गेलो. सिद्धार्थच्या स्मृतिसभेचं पत्रक काढायचं होतं. मजकूर माझा होता. त्यातली एक ओळ अध्यक्षांनी बदलली होती. काका टाइप करत त्या ओळीपर्यंत आले आणि थांबले.

"दीर्घ आजारानं निधन? भाऊ, आजार कोणता होता?"

"जाऊ द्या ना काका. लोकायले तेवढंच समजते."

"पडलता थो. तुमचं बॅनर बांधून राह्यलता."

"जुनं कायले उकरून राह्यले? इलेक्शन तोंडावर हाये."

"मंग राजवाडाही टाका त्याच्यात. एक ड्रॅगन टाका."

अध्यक्षांना ड्रॅगन कळला नाही. "म्हातारं सरकलं," असं म्हणत ते दुसऱ्या टायपिंगवाल्याकडे निघाले. मी जागचा हललो नाही. या पत्रकाखाली माझं नाव येणार नाही, असं ठणकावून सांगितलं.

"तुहं नाव तसंही नव्हतंच टाकलं," ते म्हणाले आणि गेले.

काकांनी सगळा मजकूर पुसला. कोऱ्या पानावर एकच ओळ टाइप केली: चौकात बॅनर बांधताना सिद्धार्थ पडला. एक प्रत काढून ती दुकानाच्या काचेवर, रस्त्याच्या बाजूनं चिकटवली. मग येऊन खेळायला बसले. ढीग भराभर उपसला. दोन ठोकळे राहिले. काका उठले.

मी माऊसकडे हात नेला.

"हात नको लावू!"

असा आवाज त्यांनी अध्यक्षांवरही चढवला नव्हता. मी हात मागे घेतला. टेबलावरच्या पेनांच्या डब्यातून त्यांनी एक सोललेली तुराटीची काडी काढली. तिच्या एका टोकाला दातांच्या खुणा होत्या.

"मानेखाली गेलेल्या माणसाले काय करता येते, ते मी कॉम्प्युटरवर पाह्यत होतो. तं थो अमेरिकेतला पोरगा सापडला. म्हटलं, त्यानं तोंडात काडी धरून खेळ बनवला, तं आपला निदान खेळन तरी. पण पूरा ढीग त्याच्यानं व्हये नाही, दमे थो. मंग कॉम्प्युटर त्याच्या खाटेपाशी नेऊन ढीग मी उपसो. शेवटची जोडी त्याची. काडीनं बटन दाबे न मले म्हणे, 'दादा, पाह्य, म्या जिंकलो.'"

"आणि आता?"

काकांनी काडी शर्टाला पुसली आणि परत डब्यात ठेवली. चहा प्यायला ते गेले नाहीत. खुर्चीवरचे गठ्ठे उगाच सारखे करत राहिले.

पडद्यावर दोन ठोकळे होते. दोघांच्याही दोन्ही बाजू मोकळ्या होत्या.