मेश्रामभाऊंची साडेआठची बस

माझ्या पुतण्याच्या लग्नात मेश्रामभाऊंनी कोशिंबिरीचं टेबल उचलून मंडपाबाहेर नेलं. ऐन जेवणाच्या वेळी, एकट्यानं! केटरर मागे धावून राहिला, व्याही डोळे फाडून पाहून राहिले, अन् भाऊ शांतपणे म्हणतात, “कोंडी इथंच होत होती. आता पाहा रांग कशी सरकते.” सरकली हो, खरंच सरकली. कोशिंबीर कुणाला मिळाली नाही, ते सोडा.

भाऊ समता कॉलोनीतले आमचे शेजारी; बायको, इंदूवहिनी, गेल्यापासून घरात एकटेच. शहरातली बस कुठून कुठं जावी, सिग्नल किती वेळ लाल राहावा, फुटपाथ किती रुंद हवा, हे ठरवायचं त्यांचं काम. पण काम कचेरीत ठेवून येतील तर ते भाऊ कसले? माझ्या हळदीकुंकवाला बायका एकदम आल्या, तर हे गच्चीवरून ओरडतात, “ताई, गर्दी वाटून टाका! अर्ध्या मागच्या दारानं घ्या!” गर्दी वाटून टाका, हा त्यांचा मंत्र. भाजीवालीलाही तोच, नातेवाइकांनाही तोच.

शहरात त्यांच्यासारखं काम करणारे बरेच आहेत, कुणी कंपनीत, कुणी कॉलेजात शिकवणारे. भाऊंनी सगळ्यांना गोळा करून एक मंडळ काढलं. महिन्यातून एका रविवारी सहल. अन् सहली तरी कशा! एकदा चौकाच्या मधल्या गोलावर सतरंजी टाकून पोहे खाल्ले. एकदा ब्राह्मणपाऱ्याच्या गल्लीत सगळ्यांना उभं केलं, का तर दोन स्कूटर समोरासमोर आल्या की कोण मागे घेतं ते पाहायचं. मी दोन्हीकडे होते. मले त्यातलं काही कळत नाही, पण डबा माझा असतो, अन् डबेवालीला कोण नाही म्हणेल?

पण हळूहळू माणसं गळायला लागली. मागच्या खेपेला आम्ही चौघंच. त्यातली पूर्वा, चांगली हुशार पोट्टी, घरी मराठी समजते पण बोलते हिंदी, तिनं सांगूनच टाकलं, “भाऊ, अगली बार भी इतने ही आए तो ग्रुप बंद. संडे को सबको सोना है.”

भाऊ मान डोलवून नुसतं “हव” म्हणाले.

त्यानंतर आठ दिवस त्यांच्या घरचा दिवा, पंखा, डोकं, सगळं चालू! बेत असा: साडेआठच्या बसनं शहराबाहेर, अभनपुरला. प्रत्येकानं आपापल्या स्टॉपवर चढायचं, बस भरत जाईल, गप्पा रंगत जातील, तिथं झाडाखाली जेवण. कागदावर प्रत्येकाचं नाव, स्टॉप, मिनिट. एकेक प्रत सगळ्यांना, एक माझ्या फ्रिजवर. अन् एक नियम: सहलीत फोन बंद. “फोन पाहत बसले तर रस्ता कोण पाहणार?”

मी पाचला उठून पुऱ्या तळल्या, कोथिंबीर भरून सांभारवडी केली. काय उत्साह सांगू, लग्नाला निघाल्यासारखी निघाले.

बसमध्ये चढताच भाऊंनी सीटांवर रुमाल टाकले. रुमाल संपले तेव्हा टोपी, पिशवी, माझी शाल. कंडक्टर हसून म्हणाला, “बाबूजी, रुमाल मन के घलो टिकिट काटौं का?” म्हणजे रुमालांचीही तिकिटं फाडू का?

“थांब भैया, माणसं येऊन राहिली.”

पहिल्या स्टॉपवर कुणी नाही. कालीबाडीला कुणी नाही. पचपेढी नाक्यावर सिग्नलवाले साहू भैया हमखास असणार होते, भाऊ दारात लोंबकळून पाहत होते. एक म्हातारी चढली, टोपीवर बसली. भाऊंनी तिला उठवलं नाही.

“भाऊ, फोन लावा ना एखाद्याले.”

“नको ताई. लावला अन् कुणी ‘नाही येत’ म्हटलं तर? आता नुसती बस रिकामी आहे, एवढंच.”

अभनपुरला आम्ही दोघं उतरलो. हातात रुमालांचा गठ्ठा, डब्यांच्या चार पिशव्या. झाडाखाली सतरंजी अंथरली. ती केवढी मोठी दिसत होती! मी पुरी पुढे केली, त्यांनी घेतली नाही. रस्त्याकडे पाहत म्हणाले, “इंदू गेल्यापासून रविवारी मी दूध आणायले दोनदा जातो. एकदा दुधासाठी. एकदा असाच.”

 मी पुऱ्यांवरचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं.

इतक्यात मागची नऊची बस आली. आली म्हणजे काय, एका अंगावर कलून आली! दार उघडलं अन् आतून साहू भैया बाहेर पडले, एक चप्पल पायात, एक हातात. मागून पूर्वा, मागून कॉलेजवाले गुरुजी, मागून मंडळातले सगळे, कुणाकुणाच्या घरचे पाहुणेसुद्धा! घामाघूम, चुरगळलेले, अन् एकमेकांवर ओरडत.

“मैंने सोचा सब साढ़े आठ वाली में घुसेंगे, तो मैं नौ वाली ले लूँ!”

“मैंने भी यही सोचा!”

“अरे, हम सबने!”

प्रत्येकानं मनातल्या मनात हिशेब केला होता, कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. शहराची गर्दी सोडवणारी ही माणसं, अन् रिकामी बस सोडून एकाच बसमध्ये कोंबून आली!

“काहून पण?” भाऊ ओरडले. आवाज टिपेला पोचला होता त्यांचा!

पूर्वा कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आप ही तो बोलते हो, गर्दी बाँट दो!”

मग जे हसणं फुटलं! मले ठसका लागला. सतरंजीवर गुडघ्याला गुडघे, सांभारवडीवर तुटून पडणं, अन् चूक नेमकी कुणाची यावर वर्तमानपत्रावर बाण काढून काढून भांडण. साहू भैया तोंडात पुरी घेऊन म्हणाले, “ग्रुप काबर बंद करबो? अइसन मजा कहाँ मिलही?” म्हणजे बंद कशाला, अशी मजा कुठं मिळेल? पूर्वानं आपलं जुनं बोलणं पुरीबरोबर गिळलं अन् पुढच्या महिन्याचा विषय काढला. कुणी म्हणे तळ्यावर, कुणी म्हणे सायकलनं. शेवटी सगळे भाऊंकडे वळले. आता निघणार कागद, आता निघणार मिनिटं.

भाऊ बोटांना लागलेलं तेल पुसत राहिले. मग हळूच म्हणाले,

“तुम्हीच ठरवा. मले फक्त सांगा, कुठल्या स्टॉपवर उभं राहू.”