मोरीतली माशी आणि चाळीस हजार वाचक

संस्थेत त्यांना सगळे माशीबाई म्हणत. मोरीच्या जाळीतून वर येणाऱ्या चिमुकल्या केसाळ माश्यांवर त्यांनी एकोणीस वर्षं घालवली होती. अडचण एकच, लोक आपली मोरी बघू देत नसत. "आमच्याकडे नाही हो असलं काही!" म्हणून दार लावून घेत.

यंदा संचालकांनी फर्मान काढलं. ज्याच्या शोधनिबंधाची इंटरनेटवर चर्चा नाही, त्याच्या प्रकल्पाला मुदतवाढ नाही. चर्चेचे गुण मोजायला एक यंत्रणाही आणली. माशीबाईंचे गुण होते दोन. त्यातला एक नवऱ्याचा.

सोमवारी बाईंनी नाइलाजानं संस्थेच्या पानावर निबंधाची लिंक टाकली. तेवढ्यात ताईचा निरोप आला, मोरीत माश्या झाल्यात, अ‍ॅसिड ओततेय. बाईंनी भराभर बोटं चालवली, "बावळटपणा करू नकोस! पाईप जळेल, माश्या नाही जाणार. आतल्या चिकट थरात अळ्या असतात. जुना ब्रश घे आणि घास!"

तासाभरानं ताईचा फोन.

"ओतलं बाई अ‍ॅसिड. आता पाईप गळतोय. तू एका शब्दानं सांगू नयेस?"

"अगं, सांगितलं की!"

"कुठं?"

बाईंनी पाहिलं. निरोप संस्थेच्या पानावर, जगजाहीर! चाळीस हजार लोकांनी वाचलेला. "बावळट कुणाला म्हणता?" असं एकानं खडसावलं होतं. बाकीचे आपापल्या मोऱ्यांचे फोटो टाकून "आता काय करू?" विचारत होते. सगळं पुसून टाकावं, असं बाईंच्या मनात आलं. पण एका आईनं लिहिलं होतं, "घरात बाळ रांगतंय. अ‍ॅसिडची बाटली हातात घेतली होती, ठेवून दिली."

बाईंनी चष्मा पुसला आणि एकेकाला उत्तर द्यायला बसल्या. त्या खडसावणाऱ्यालाही.

गुरुवारी संचालकांनी बोलावलं. "गुण तीनच झालेत, बाई. ब्रशच्या मजकुरात लिंक नव्हती ना. यंत्रणा लिंकच मोजते."

बाईंचं लक्षच नव्हतं. "तीनशे बारा मोऱ्या, सर! आजवर अकरा मिळाल्या होत्या. आणि ही बघा, पंखांवर पांढरे पट्टे. मी तरी अशी कधी पाहिली नाही."

संचालक फोनवर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"देखणी आहे हो," ते हळूच म्हणाले. "हिचा नमुना मिळवा. मुदतवाढीचं मी बघतो. कुणाकडची आहे?"

बाई जरा घुटमळल्या.

"तुमच्याकडची, सर. मॅडमनी पाठवलाय फोटो. कधी येऊ?"